नऊ नंबरची हजेरी

माझ्या ताईबद्दल चांगलं बोलणाऱ्या माणसांची आमच्या गावात अजिबात टंचाई नाही. तंबूच्या कारखान्यात जाऊन दारावरच्या पहारेकऱ्याला विचारा, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या साहेबांना विचारा. 'मशीनवाल्या ताई' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. शिवणयंत्र बिघडलं की ती नुसती शेजारी उभी राहायची, मान तिरकी करून जरा वेळ आवाज ऐकायची आणि सांगायची, "सुईला नावं ठेवू नका, खालची बॉबिन सैल बसलीय." बॉबिन खरोखरच सैल बसलेली असायची. तिला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी एखादं यंत्र फारच रुसून बसलं की अजूनही कारखान्याची गाडी तिच्या दारात येऊन उभी राहते.

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. निम्म्या गावाला मी पाढे शिकवले. पण रस्त्यात भेटणारा माणूस मला काय विचारतो? "ताई कशा आहेत?"

तेव्हा लपवण्यात काही अर्थ नाही. मला माझ्या ताईचा हेवा वाटतो. मी एकसष्ट वर्षांची आहे, ती पासष्टची आहे, आणि मला अजून वाटतो. लहानपणी तर त्याने मी नुसती धुमसत असायचे.

आम्ही तिघी बहिणी. ताई, मी आणि खूप उशिरा आलेली छकुली. मला घरात सगळे 'मधली' म्हणत, जणू मी कपाटाचा खण होते. ताईचे कपडे मी वापरायचे, ताईची पुस्तकं मी वापरायचे, आणि शाळेत नवीन वर्गात पाऊल टाकलं की बाई म्हणायच्या, "अरे वा, तू तिची बहीण का?" मग पहिली चाचणी व्हायची आणि तो 'अरे वा' पुन्हा ऐकू यायचा नाही. ताईला शिक्षिका व्हायचं होतं. हे ती पाच वर्षांची असल्यापासून सांगत होती, आणि भिंतीला टेकवलेल्या उशांना ती शिकवायची तेव्हा त्या उशांच्या रांगेत मलाही बसवायची. उशा माझ्यापेक्षा शहाण्या आहेत असं तिने मला एकदा सांगितलं होतं. ते मी विसरलेले नाही.

तिच्याकडे एक कंपासपेटी होती. पत्र्याची, हिरवी, झाकणाच्या आत मोजपट्टी कोरलेली. कुठल्याशा निबंधाचं बक्षीस. त्या पेटीला मी हात लावायचा नाही असा घरातला नियम होता. नियम ताईचाच, पण आईने तो मंजूर केलेला.

युद्ध आमच्या गावात एका दिवसात आलं नाही. आधी खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या आल्या. मग बाबा गेले. ते ट्रक चालवायचे, आणि सैन्याने ट्रक नेला तो त्यांच्यासकट. मग घरातला नळ कोरडा पडला आणि कोपऱ्यावरच्या नळाला दिवसातून कधीतरी, कोणालाही न सांगता, तासभर पाणी येऊ लागलं. मग आई तंबूच्या कारखान्यात लागली. जाड कापडात सुई घालून घालून तिची बोटं लाकडासारखी झाली.

आता घरी छकुली आठ महिन्यांची. पाण्याला उभं राहायला कोणीतरी हवं, पावाच्या रांगेला कोणीतरी हवं. आईने एका सकाळी डोक्याला रुमाल बांधता बांधता सांगितलं, "ताई, तू घरी राहा. थोडे दिवस."

ताईने उचललेलं दप्तर परत खिळ्याला अडकवलं. आईने बाबांचं घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं, पाणी किती वाजता येतं ते लिहून ठेवता यावं म्हणून. पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं.

इथे कोणालाही वाटेल की मला ताईची कीव आली असेल. नाही आली. मला राग आला. शाळा सोडायची माझी मुळीच इच्छा नव्हती, पण मला विचारायला काय हरकत होती? घर सांभाळायला लायक कोण, तर ताई. घड्याळ कोणाला, तर ताईला. संध्याकाळी आई दमून आली की त्या दोघी स्वयंपाकघरात बसून बायांसारख्या बोलायच्या, पीठ किती उरलं, कोणाच्या घरी पत्र आलं. मी आत गेले की "तू अभ्यास कर" म्हणून मला बाहेर काढायच्या.

आमच्या शाळेच्या इमारतीत सैन्याचा दवाखाना झाला होता. मुलींचे दोन वर्ग, मोठ्यांचा आणि आमचा, एकत्र करून छापखान्याच्या तळघरात हलवले होते. तिथे शाईचा वास इतका भिनलेला होता की आमच्या केसांना रविवारीसुद्धा यायचा. दोन खिडक्या, त्याही पदपथाच्या उंचीवर, त्यांतून लोकांचे फक्त बूट दिसायचे. मधोमध चार जाडजूड खांब. शिकवायला एकच बाई. बाईंचा चष्मा इतका जाड होता की त्याच्यामागचे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे.

पटावर आम्ही चौतीस जणी होतो. एक ते बारा मोठ्या मुली, तेरा ते चौतीस आम्ही. ताई नऊ नंबर, मी सव्वीस. बाई कायम नंबरानेच हजेरी घ्यायच्या.

पहिला महिनाभर सगळं ठीक होतं. मग मुली गळायला लागल्या. चार नंबरला चौकीवरच्या शिपायाने दोन दिवस ओळीने हाक मारून थांबवलं, तिसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनी तिला पाठवलं नाही. पंधरा नंबर दवाखान्यात बाटल्या धुवायला लागली. सहा नंबरचं लग्न करून टाकलं, सोळाव्या वर्षी, कारण त्या मुलाच्या घराला पक्कं तळघर होतं. दोन नंबर तर अगदीच साध्या गोष्टीने थांबली. छापखान्याच्या मागचा संडास बिनदाराचा होता, आणि तिला पाळी सुरू झाली. एकवीस आणि बावीस या जुळ्या, त्यांच्यात एकच जोडी बूट उरले होते, म्हणून त्या एक दिवसाआड यायच्या, मग त्याही थांबल्या. कोणीही "शाळा सोडली" असं म्हटलं नाही. सगळ्यांनी "थोडे दिवस" असंच म्हटलं, आमच्या आईसारखं.

पण तीसपेक्षा कमी मुली असतील तर वर्ग बंद करायचा आणि तळघर गोदामाला द्यायचं, असा वरून हुकूम होता. तेव्हा एके दिवशी बाईंनी "चार?" म्हटलं आणि चार नंबरची मैत्रीण, ती आठ नंबर, हळूच म्हणाली, "हजर." बाईंची मान वर झाली नाही. टाक हजेरीपुस्तकावर टेकला, खूण झाली, "पाच?"

त्या दिवसापासून ती रीतच पडली. प्रत्येकीने न येणाऱ्या एकीचा आवाज घ्यायचा. आपापली ठरलेली, दुसरीच्या आवाजात कोणी तोंड घालायचं नाही. बाई हजेरी संपेपर्यंत मान वर करायच्या नाहीत. तळघरात आम्ही एकोणीस मुली बसायचो आणि चौतीस आवाज यायचे.

ताईचा आवाज अर्थातच माझ्याकडे आला. "जरा खालच्या पट्टीत म्हण," तिने मला घरी शिकवलं, "आणि ओढू नकोस. मी ओढत नाही." म्हणजे यातसुद्धा शिकवणी! मी नऊला जाड आवाजात 'हजर' म्हणायचे आणि सव्वीसला माझ्या आवाजात. एकदा मला सर्दी झाली आणि दोन्ही 'हजर' सारखेच, बेडकासारखे निघाले. मुली फिदीफिदी हसल्या. बाई पुस्तकातून मान वर न करता म्हणाल्या, "घशाची काळजी घ्या, नऊ." सव्वीसला काहीच म्हणाल्या नाहीत.

आणि गंमत पुढेच आहे. मी संध्याकाळी घरी आले की ताई छकुलीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसायची आणि दिवसभर काय शिकवलं ते माझ्याकडून वदवून घ्यायची. मी अर्धवट ऐकलेलं अर्धवट सांगायचे. ती त्या अर्ध्यावरून पूर्ण करायची. मोठ्या मुलींची गणितं मी फळ्यावरून नुसती उतरवून न्यायचे, ती पाण्याच्या रांगेत डब्यावर बसून सोडवायची आणि मी तिची वही बाईंना नेऊन द्यायचे. बाई ती वही वर्गात उघडून दाखवायच्या. "मांडणी बघा. आणि सव्वीस, तू रोज ही वही हातात घेऊन येतेस, कधीतरी आत डोकावून बघ की." सगळ्या मुली माझ्याकडे बघायच्या. मी रोज चौकीपुढून, वाळूच्या पोत्यांच्या आडून, भोंगा वाजला तर गटारात बसून शाळेत जाणार, आणि घरी बसलेली माझी बहीण वर्गात पहिली येणार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

हिवाळा संपत आला तेव्हा बाईंनी मोठ्या मुलींना सांगितलं, की शिक्षिकांची फार उणीव आहे, म्हणून यंदा वरच्या वर्गाची एक परीक्षा होणार. पास होतील त्यांना लांबच्या शहरात, जिथे लढाई नाही तिथे, शिक्षिका-विद्यालयात पाठवणार. राहणं-खाणं तिथेच. तीन दिवसांनी परीक्षेचे कारकून येतील. त्यांच्यासमोर हजेरी होईल. जिच्या नंबराला 'हजर' येईल तिचं नाव यादीत चढेल, आणि तीन आठवड्यांनी तिची प्रवेशचिठ्ठी येईल. नाव नाही तर परीक्षा नाही. पुन्हा कधी होईल, सांगता येत नाही.

हे मी घरी सांगितलं तेव्हा ताईने उभ्या उभ्या छकुलीला घेऊन गिरकी मारली. आईने कारखान्यात बोलून परीक्षेच्या दोन दिवसांची रजा काढली. त्याहून एक दिवसही जास्त मिळणार नव्हती. यादीच्या दिवशी ताई छकुलीला घेऊनच शाळेत जाईल असं ठरलं.

आदल्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आले तर आईची सकाळची पाळी होती, ती आलेली होती, आणि त्या दोघी आतमध्ये बटाटे सोलत होत्या. मी दाराबाहेर बुटांच्या नाड्या सोडत होते.

ताई म्हणाली, "पण मी गेले तर छकुलीला कोण बघेल? पाणी?"

"मधली आहे की," आई म्हणाली. "ती बसेल घरी. तिचं काय अडणार आहे? डोकं बेताचंच आहे तिचं."

मी वाट बघत राहिले. ताई काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "सालं पातळ काढ आई, निम्मा बटाटा जातोय."

एवढंच. माझी शाळा बटाट्याच्या सालाबरोबर गेली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी परत नाड्या बांधल्या, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, आणि मग मोठ्याने पाय वाजवत घरात शिरले.

सकाळी छकुलीचं अंग तापलं होतं. छातीत घरघर. त्या दमट तळघरात तिला नेणं शक्यच नव्हतं, आणि तिला सोडून जाणंही शक्य नव्हतं. आई कधीच कामावर गेली होती. ताई दाराशी आली. तिने माझी वेणी घालून दिली.

"रोजच्यासारखं म्हण," ती म्हणाली. "अगदी रोजच्यासारखं. खांबाच्या मागे बस, त्यांना दिसणार नाही. म्हणशील ना, मधले?"

"म्हणेन," मी म्हणाले.

कारकून म्हणजे एक थकलेला माणूस होता, कोटाची एक बाही पिनेने वर टाचलेली. आत हात नव्हता. तो बाईंच्या टेबलाच्या कडेला कागद पसरून बसला. कंदिलाचा उजेड त्याच्या कागदापुरताच होता. आम्ही त्याला नुसत्या सावल्या दिसत असणार. बाईंनी सुरुवात केली. एक, हजर. दोन, हजर, तेही दुसऱ्याच तोंडून. तीन. चार, हजर. कारकून डाव्या हाताने वाकड्यातिकड्या खुणा करत होता. सात. आठ.

"नऊ?"

मी खांबाच्या मागे बसले होते. माझी दातखीळ वगैरे काही बसली नव्हती. मी घाबरलेही नव्हते. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला तसं सांगून पाहिलं. मी आदल्या दिवशीचं ते 'बेताचंच' तोंडात घोळवत होते. आणि मला वाटत होतं, आता बघू ना तुझी मांडणी.

"नऊ?"

बाईंनी आजवर कुठलाही नंबर दोनदा पुकारला नव्हता. वीस नंबर माझ्या शेजारी बसायची, तिने कोपराने मला ढोसलं. तिने तोंडही उघडलं, पण तिच्या वाट्याला दुसरा आवाज होता. तिने तोंड मिटलं.

मग बाईंनी मान वर केली. हजेरी चालू असताना पहिल्यांदाच. त्या जाड काचांमागचे वाटाणे सरळ माझ्याकडे वळले. "नऊ," त्या तिसऱ्यांदा म्हणाल्या, आणि या वेळी तो प्रश्न नव्हता, विनवणी होती. मी माझ्या बुटांकडे बघितलं. खिडकीतूनही कोणाचे तरी बूट चालत गेले.

"नसेल तर पुढे चला बाई," कारकून म्हणाला. "मला अजून दोन शाळा आहेत."

"दहा?" बाई म्हणाल्या.

घरी ताई दारातच उभी होती. छकुलीचा ताप उतरला होता. "म्हटलंस?"

"म्हटलं."

तिने मला मिठी मारली. तिच्या अंगाला दुधाचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता.

पुढचे तीन आठवडे ताईने जो अभ्यास केला तसा अभ्यास मी पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही मुलीला करताना पाहिलं नाही. पाण्याच्या रांगेत, पावाच्या रांगेत, छकुलीला झोके देताना. मी शेजारी बसून तिची उत्तरं पुस्तकाशी ताडून बघायचे. तिच्यावरची माझी चीड कमी झाली असेल असं कोणाला वाटत असेल तर तसंही नाही. ती जितकी आनंदात असायची तितकी मी जास्त जळायचे, आणि आता तर धड जळताही येत नव्हतं. फक्त एक गोष्ट होती. त्या दिवसांत ती माझ्या वेण्या फार घट्ट घालायची. इतक्या की माझे डोळे कानांकडे ओढले जायचे. मला वाटायचं, घाईत असते बिचारी.

चिठ्ठ्या आल्या. अकरा आल्या. बाईंनी वर्गात वाटल्या, न येणाऱ्यांच्या त्यांच्या आवाजवाल्या मुलींकडे दिल्या. माझ्याकडे काही दिलं नाही.

मी घरी सांगितलं, "कारकुनाकडून राहिली असेल. एकाच हाताने लिहीत होता." त्या माणसाच्या तुटलेल्या हातावरसुद्धा मी माझं पाप ढकललं.

आई खूप बोलली, कारकुनाला, युद्धाला, सगळ्यांना. ताईने पिशवीतले बटाटे टोपलीत काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दप्तर उघडलं तर आत ती हिरवी कंपासपेटी होती. माझी सगळी लहानपणची हाव त्या पेटीवर होती, आणि आता ती माझी झाली तर मला ती उघडवेना. वर्षभर मी भूमितीला दुसरीची पेटी मागत होते.

वर्षभराने आईचा हात यंत्रात सापडला. आता तर मला घरी बसवण्याची बोलणी उघडच सुरू झाली. तेव्हा ताईने आईला सांगितलं, "मी कारखान्यात जाते. तू छकुलीला बघ. मधली शाळेतच राहील." आई म्हणाली, "तिला कशाला?" ताई म्हणाली, "एक तरी राहू दे." मी दारामागे उभी होते. मला दारामागे उभं राहायची सवयच लागली होती. आनंद झाला की नाही, नीट सांगता येणार नाही. वाटलं, झालं, आता जन्मभर हिचे उपकार.

युद्ध संपलं. बाबा परत आले, पण तोफांनी त्यांचे कान नेले होते. आईने उरलेला जन्म त्यांच्याशी ओरडून बोलण्यात काढला. ताई मात्र हातवाऱ्यांनी बोलायची आणि ते दोघं आवाज न करता खदखदून हसायचे, तेही माझ्या डोळ्यांत खुपायचं. मी परीक्षा दिली, शिक्षिका-विद्यालयात गेले, शिक्षिका झाले. बेताच्या डोक्याने जेवढं होतं तेवढं झाले. ताई यंत्राची कारागीर झाली, मग कारागिरांची मुकादम झाली. परत शाळेत ये म्हणून बाई दोनदा तिच्याकडे गेल्या होत्या असं म्हणतात. पण बेंचवर बसायला तिचे गुडघे मोठे झाले होते, आणि घरात खाणारी तोंडं पाच होती. तळघरातल्या त्या चौतीस जणींपैकी आम्ही किती जणी पुढे शिकलो? सात. बाकीच्या सगळ्यांचे 'थोडे दिवस' अजून चालूच आहेत.

मागच्या वर्षी मी निवृत्त झाले. समारंभ झाला, हार झाले, भाषणं झाली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आपल्या बाईंनी पस्तीस वर्षांत एकही हजेरी चुकवली नाही." ताई पहिल्या रांगेत बसली होती, बाबांचं घड्याळ घालून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

आठ दिवसांनी मी दुपारची तिच्या घरी गेले. ती खिडकीपाशी वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले आणि प्रस्तावना न करता सांगून टाकलं. "ताई, त्या यादीच्या दिवशी मी 'हजर' म्हटलं नव्हतं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. बाई आल्या होत्या पाण्याच्या रांगेत. माझ्याबरोबर डबा धरून उभ्या राहिल्या आणि रडल्या. म्हणाल्या, मी तीनदा पुकारलं."

"आणि तरी तू तीन आठवडे अभ्यास करत बसलीस?"

"बाई म्हणाल्या होत्या, मी कचेरीत जाऊन बोलते. गेल्या होत्या त्या. चार तास बसवून ठेवलं त्यांना आणि परत पाठवलं." तिने शेंगेतला एक किडका वाटाणा बाजूला काढला.

"मला बोलली का नाहीस? मारायचं होतंस."

"मारायची इच्छा फार होती. वेणी घालायला तू पाठ करून बसायचीस ना, तेव्हा तुझा गळा समोर असायचा. म्हणून वेण्याच ओढायचे." ती हे हसत म्हणाली नाही. "तुझा हेवा वाटायचा मला, मधले. रोज सकाळी. तू दप्तर घेऊन कोपऱ्यावरून वळलीस की मी दार लावून घ्यायचे. पण तुला घरी बसवून मला काय मिळालं असतं? दोघी घरी."

माझा हेवा! पन्नास वर्षं मी ज्याला माझी खाजगी मालमत्ता समजत होते त्यात ती वाटेकरी निघाली. मला रडू यायला हवं होतं, पण आधी चक्क रागच आला.

"कसं पुकारलं होतं गं बाईंनी?" तिने विचारलं. "त्यांनी सांगितलं, पण मी काही ऐकलेलं नाही ना. तू ऐकलंयस. पुकारून दाखव."

"काहीतरीच काय."

"पुकार. पस्तीस वर्षं तेच तर करत आलीस."

मी घसा साफ केला. माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणाले, "नऊ?"

ताई शेंगा सोलत राहिली. एक शेंग, तिच्यातले सहा वाटाणे वाटीत पडले. मला वाटलं ती ऐकते आहे, आता उत्तर देईल. मान तिरकी केली होती तिने, कारखान्यात करायची तशी.

"नऊ?"

दुसरी शेंग. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला तरी हाक मारली आणि त्याला लगेच 'ओ' मिळाली. मी ताईच्या तोंडाकडे बघत होते. नुसतं एक अक्षर तिने उच्चारावं म्हणून मी तेव्हा काय वाटेल ते दिलं असतं. खोट्या आवाजात म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"नऊ," मी तिसऱ्यांदा म्हणाले, आणि माझा आवाज बाईंसारखाच झाला.

तिसरी शेंग. मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली, पण एवढा वेळ मी कधी कोणासाठी थांबले नव्हते.

"मग पुढे काय म्हणाल्या?" अखेर ताईने विचारलं.

ती वाट बघत राहिली.

"दहा," मी म्हणाले.

"हं," ताई म्हणाली, आणि शेंगांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "ह्या निम्म्या तू सोल."